हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल आणि एक बिननावाचं ताट

माझ्या बाबांना इंग्रजीचे तीनच शब्द येत. हॉटेल, हॉस्टेल आणि हॉस्पिटल. आता कोणी म्हणेल, तिकीट, सायकल, मोटार हे नव्हते का येत? यायचे हो, पण ते त्यांना मराठीच वाटत. हे तीन मात्र ते जरा थांबून, अंगरखा सावरल्यासारखे सावरून म्हणत. हॉस्पिटल ते आईच्या आजारपणात शिकले. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलातून आई बरी होऊन आली, म्हणून तो शब्द त्यांच्या आवडीचा. हॉटेल म्हणजे आमच्याकडे चहाचं दुकान. दोन बाकं, एक भट्टी, काचेच्या बरणीत खारी, झालं हॉटेल. आणि हॉस्टेल ते शिकले माझ्यासाठी.

आमचं गाव कळमेश्वरच्या पलीकडे. बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलत. छप्पन सालच्या दीक्षेला ते मला खांद्यावर बसवून नागपूरला पायी गेले होते, असं आई सांगे. मला त्यातलं काही आठवत नाही, पण त्या खांद्यावर बसल्याचा रुबाब माझ्या स्वभावात आहे, असं घरचे अजून म्हणतात. राग नाकावर, हे तर शेजारीपाजारीही म्हणत. गावातून कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी. बाबांनी सगळ्या भावकीला सांगून टाकलं होतं, "पोरगी नागपूरले शिकून राहिली. हॉस्टेलात राहीन."

आणि हॉस्टेलात जागाच नव्हती! यादी भरली होती. पुढल्या वर्षी या, म्हणाले. पुढलं वर्ष कोणी पाहिलंय? घरी पाहुणे येऊन गेले होते. पाहुणे म्हणजे कसले, ते कळलंच असेल. मुलगा चांगला होता, नोकरीवाला होता, आणि आमच्या मोठ्या काकांनी त्यांना शब्द दिला होता की, पोरीची नागपुरात सोय नाही झाली तर दिवाळीत बार उडवू. म्हणजे मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नागपुरात डोकं टेकायला जागा मिळाली तर बीए, नाहीतर दिवाळीत अक्षता. इतकी सरळ गोष्ट होती.

बाबा आणि मी नागपूरच्या इतवारी बाजारात एका हॉटेलात बसलो. बाहेर हातगाड्यांची नुसती रेटारेटी. बाबांनी चहा घेतला, कप घेऊन उठले, कोपऱ्यातल्या बादलीजवळ गेले, स्वतः विसळला आणि गल्ल्यापाशी पालथा ठेवला.

"अहो, राहू द्या न बाबा! आम्ही कायले बसलो?" हॉटेलवाला हसला.

मला मात्र हसू आलं नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. बाबांच्या तरुणपणी आमच्या लोकांच्या कपबशा हॉटेलाबाहेर कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या असत. आपणच काढायच्या, आपणच विसळायच्या, आपणच ठेवायच्या. दीक्षेनंतर बाबांनी तसल्या हॉटेलाकडे फिरकणं सोडलं. आता कोनाडाही नव्हता आणि कोणी सांगतही नव्हतं, पण हाताला लागलेली सवय काही जाईना. मी कितीदा भांडले. ते म्हणत, "असू दे वं. आपला कप आपन धुतला तं काय झिजते?"

समोरच्या बाकावर एक गृहस्थ बसले होते. भांड्यांचे व्यापारी. "काय पाहुणे, कोनतं गाव?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला पाहुणेच म्हणतात. बाबांनी गाव सांगितलं, अडचण सांगितली. गृहस्थ म्हणाले, लेकी लग्न होऊन गेल्या, वरची खोली रिकामी आहे, बायको दिवसभर एकटी असते. मग बाबांनी ते वाक्य म्हटलं, जे ते कुठेही खोली, पाणी किंवा सावली मागण्याआधी म्हणत, "आमी दीक्षेतले आहो. आधीच सांगून देतो."

गृहस्थांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "घरी बाईले विचारून घेऊ."

त्या बाई म्हणजे काकू. ठेंगणी मूर्ती, कपाळावर मोठं कुंकू, बोलणं असं की समोरच्याला श्वास घ्यायला जागा नाही. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "राहा न बापा. घर मोठं आहे. जेवन माझ्यापाशीच. मले एकटीले जेवण जात नाई." माझा जीव भांड्यात पडला. बाबा हात जोडून उभे होते.

काकूंनी लगेच दोघांना जेवायला बसवलं. बाबांना पत्रावळीवर वाढलं, सणाच्या पत्रावळी उरल्या होत्या म्हणे. मला मात्र ताट. नवं कोरं स्टीलचं. तेव्हा स्टीलचा मोठा मान होता. पण मला दिसायचं ते दिसलंच. आपल्याकडे भांड्यावर नाव टाकायची पद्धत आहे, भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे तर विचारूच नका. त्या घरात पळीपासून पिंपापर्यंत सगळ्यांवर नावं होती, मालकांची, सासऱ्यांची, काकूंच्या माहेरची. माझ्या ताटावर काही नव्हतं. आणि जेवण झाल्यावर ते मांडणीत गेलं नाही. दाराजवळच्या एका फळीवर एकटं उभं राहिलं.

मी बाबांकडे पाहिलं, तर ते खाली मान घालून पत्रावळ गुंडाळत होते. मला वाटलं, बरं झालं, त्यांनी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला तिथून उठवून नेलं असतं, असं मला तेव्हा अगदी पक्कं वाटलं. म्हणून मीही बोलले नाही. संध्याकाळच्या एसटीनं ते गेले आणि मी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी एक केलं. जेवण झालं की ताट उचलायचं, मोरीवर न्यायचं, राख लावून असं घासायचं की त्यात तोंड दिसावं, आणि त्या फळीवर खाडकन ठेवायचं. काकू बघत. "ठेव न वं तिथं, बाई येते न भांडेवाली," त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. मी म्हटलं, "आपलं आपण धुतलेलं बरं." माझ्याच तोंडातून बाबांचं वाक्य निघालं, फक्त बाबा ते शांतपणे म्हणत आणि मी दगड मारल्यासारखं म्हटलं. त्यानंतर काकू कधी बोलल्या नाहीत. बाकी सगळं बोलत. माझ्या केसांना तेल लावत, मला खोकला झाला तर आल्याचा काढा देत, परीक्षेच्या आधी दही-साखर हातावर ठेवत. आणि जेवायला ते ताट. मला काही समजेनासं झालं. प्रेमही खरं आणि ताटही खरं. रागवायचं तरी कशावर?

कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर होते. लहानपणी कुठल्याशा मिशनच्या शाळेत लॅटिन शिकलेले. शब्दांचं त्यांना असं वेड की धडा बाजूला राहायचा आणि सर एकाच शब्दात बुडून जायचे. मागच्या बाकांवर पोरं डुलक्या घेत, पुढे मी एकटी टक लावून. त्यांचे उपकार मोठे आहेत माझ्यावर. पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, ते त्यांच्याच जिवावर.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, गेस्ट. "एवढासा शब्द," सर म्हणाले, "पण बघा किती गावं फिरलाय."

मग निघाली त्यांची गाडी. हजारो वर्षांपूर्वी एक भाषा होती, युरोपातल्या बहुतेक भाषांची आणि आपल्या संस्कृतचीही पणजी. तिच्यात साधारण 'घोस्तिस' असा शब्द होता. अर्थ एवढाच की परका, जो आपल्या गावचा नाही. हा शब्द जर्मनीत गेला, 'गास्ट' झाला, म्हणजे पाहुणा. रशियात 'गोस्त', तोही पाहुणा. चेक लोकांचा 'होस्ट' म्हणजे जेवायला आलेला, आणि इंग्रजांचा 'होस्ट' म्हणजे जेवू घालणारा. फ्रेंचांनी तर कहर केला. त्यांच्या 'ओत'मध्ये वाढणारा आणि जेवणारा दोघंही एकाच शब्दात बसले. इटलीतही तसंच. ग्रीकांचा 'क्सेनोस' आहे, परकाही आणि पाहुणाही, पण तो याच कुळातला की नाही यावर पंडितांची अजून भांडणं चालू आहेत.

"आणि रोममध्ये?" सरांनी खडू खाली ठेवला. "रोममध्ये तोच शब्द 'होस्टिस' झाला. आधी नुसता परका. पुढे शत्रू. इंग्रजीत हॉस्टाइल म्हणता ना, तो त्याचाच नातू. पण त्याच रोममध्ये दुसरी फांदीही फुटली, 'होस्पेस'. त्यातलं शेपूट म्हणजे आपला पती, गृहपती-सेनापतीतला. परक्याला घरात घेणारा धनी. त्यातून झालं हॉस्पिटल. त्यातून झालं हॉस्टेल. त्यातून झालं हॉटेल."

मी अंगावर पाणी पडल्यासारखी दचकले. बाबांचे तिन्ही शब्द! बाबांना इंग्रजीचे तीन शब्द येत होते आणि ते तिन्ही एकाच आईची लेकरं निघाले. मला इतका आनंद झाला की मी न विचारता उभी राहिले आणि विचारलं, "सर, पण तोच परका एकीकडे पाहुणा झाला आणि एकीकडे शत्रू, हे ठरवलं कशावरून?"

सरांनी चष्मा काढून पुसला. "ते डिक्शनरीत नाही सापडत, बाई. ज्याने दार उघडलं त्याला विचारावं लागेल." मग घंटा झाली आणि सर डस्टरनं फळा पुसायला लागले.

मी तो शब्द डोक्यात घेऊन इतवारीच्या गल्ल्यांतून घरी आले. कधी एकदा बाबांना सांगते असं झालं होतं. घरात पाय ठेवते तो काकूंची जाऊ आलेली. काकू तिला वाढायच्या बेतात, स्वतः माझ्यासाठी जेवायच्या थांबलेल्या. जाऊबाईंनी दाराजवळच्या फळीवरचं माझं ताट सहज उचललं, आणि काकू एकदम ओरडल्या, "ते नको! ते तिचं आहे!"

बस. इतके महिने दाबून धरलेलं सगळं वर आलं. जाऊबाई जाईपर्यंत कशीबशी कळ काढली. मग वर जाऊन पेटी भरली आणि खाली आणून चौकात ठेवली. म्हटलं, "काकू, मी चालली."

"कुठं वं?"

"गावाला. दिवाळीही जवळच आली आहे, सगळ्यांची सोय होईल."

"अव माय! काहून पण? कोणी काई म्हटलं?"

"हे ताट काहून वेगळं आहे, तेवढं सांगा मला. एकदाच सांगा." आणि मग मी बाबांच्या कपाची सगळी गोष्ट सांगितली. कोनाडा, बादली, आणि अजूनही न गेलेली ती हाताची सवय. रडतही होते आणि ओरडतही होते. इतवारीतल्या अर्ध्या गल्लीनं ऐकलं असेल. ऐकू दे म्हटलं.

मला वाटलं होतं, काकू म्हणतील, छे गं, तसं काही नाही, तुझ्या मनाचे खेळ. तशा म्हणाल्या असत्या तर मी खरंच गेले असते. पण काकू पाटावर बसल्या, पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "मी खोटं नाई बोलत, पोरी. पयल्या दिवशी तसंच होतं माह्या मनात. सासूबाईंनं शिकवलं, तेच हातानं केलं. मंग तू राहायले लागली. मले लळा लागला तुया. वाटलं, ठेवावं ताट मांडणीत. पण तू असं आपटत होती रोज फळीवर, मले वाटलं तुलेच आमच्यात मिसळायचं नाई. मले लाज वाटे. कसं बोलू? माफी कशी मागू लेकीएवढ्या पोरीले?"

"मग आज जाऊबाईंना काहून अडवलं?"

"नाई सांगता येत," काकू म्हणाल्या. "तुयं ताट दुसऱ्यानं घेऊ नाई, असं आलं तोंडात. का जुनंच काही आलं. मले खरंच नाई माहीत."

हे 'मले नाई माहीत' मी आजवर विसरले नाही. इतकं खरं मला क्वचितच कोणी बोललं असेल.

मग काकू उठल्या. मांडणीतून आपलं माहेरचं ताट काढलं, पितळेचं, जड, काठावर त्यांच्या वडलांचं नाव असलेलं. त्यात भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, आणि ते माझ्या पुढ्यात ठेवलं. फळीवरचं बिननावाचं ताट आपल्या पुढ्यात घेतलं आणि जेवायला लागल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. मी पेटीजवळ उभी. राग काही राखेनं घासून निघत नाही, तो मला पुढे कितीतरी दिवस पुरला. पण पोटात भूक होती आणि समोर माणूस खरं बोललं होतं. मी बसले. जेवले. उठून ताट उचलायला लागले तर काकूंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आज मी घासते दोन्ही. उद्यापासून पाळी लावू."

पेटी त्यांनीच वर नेली.

त्यानंतर माझं शिक्षण संपेपर्यंत काकू त्याच ताटात जेवल्या. बिननावाचं ताट त्यांचं झालं. मालकांनी एकदा विचारलं, नाव टाकून आणू का? काकू म्हणाल्या, "राहू द्या तसंच. मले ओळखू येते."

बीएचा निकाल लागला तेव्हा बाबा आले. मी पास झाले होते, सेकंड क्लासमध्ये. तोवर ते पाहुणे दुसरीकडे सोयरीक करून मोकळे झाले होते आणि मोठ्या काकांनी माझ्याशी बोलणं टाकलं होतं, त्याचंही मला बरंच वाटलं. काकूंनी त्या दिवशी बेसनाचे गोळे घातलेला गोळाभात केला होता, कढी केली होती. बाबांना पाट मांडला. या वेळी पत्रावळ नव्हती. माहेरचं ताट बाबांपुढे ठेवलं, मला लेकीचं एक ताट दिलं, आणि स्वतः शेजारी ते बिननावाचं घेऊन बसल्या. मालक दुकानातून मुद्दाम लवकर आले होते. बाबा जेवत होते. एक-दोनदा त्यांची नजर काकूंच्या ताटावर गेली. जेवण झालं आणि सवयीनं त्यांनी ताट उचललं, मोरीकडे निघाले. काकूंनी पुढे होऊन ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"दादा, माह्या घरी मी वाढते, मी उचलते," त्या म्हणाल्या. बाबा नुसते उभे राहिले. उष्ट्या हाताचं काय करावं तेही त्यांना सुचेना.

एसटीला वेळ होता. आम्ही त्याच हॉटेलात जाऊन बसलो. मी बाबांना त्यांच्या तीन शब्दांची गोष्ट सांगितली, ताटाच्या भांडणात इतकी वर्षं राहून गेलेली. परका, शत्रू, पाहुणा, सगळं. हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल, तिघांचीही आई एकच, ती पाहुण्याला घरात घेणारी. बाबा ऐकत होते. चहात खारी बुडवून खात होते. मग म्हणाले, "ते ताट मी पयल्याच दिवशी पायलं होतं."

मी कप खाली ठेवला. "कोणतं?"

"बिननावाचं. दाराजवळ ठेवलं तेबी पायलं. मलेबी पत्रावळ देल्ली, ते काय सणाची होती?"

"मग मला काहून ठेवलं तिथं? उचलून काहून नाही नेलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, तो कधी नसेच, आणि राग नाही म्हणजे त्यांना काही दिसतच नाही, असं मी जन्मभर समजत आले होते. "नेलं असतं तं तू शिकली असती का वं?" ते म्हणाले. "रातभर झोप नाई आली मले. तुया आईलेबी नाई सांगितलं. म्हटलं, आपन गिळलं एवढं, हे एक अजून. पोरगी शिकून निघाली का मंग कोणाच्या फळीवर तिचं ताट राहनार नाई." मग म्हणाले, "आज ते त्या बाईच्या पुढं होतं. ती जेवून राहिली होती त्याच्यात. काय झालं बाप्पा मधात, मले नको सांगू. पायलं मी, तेवढं बस झालं."

 ज्यांना मी वाचवत होते असं मला वाटे, ते मलाच वाचवत होते. त्या घरात, त्या वर्षांत, माझ्यासाठी किती जणांनी काय काय गिळलं आणि काय काय सोडलं, ते मोजायला गेले तर मी आजही कमीच पडते. बाबांचे आभार मी कधी मानले नाहीत. आमच्याकडे बापाचे आभार मानायची पद्धत नाही. म्हणून हे लिहिलं.

"म्हणजे हॉटेलात आपन पाहुणे?" बाबांनी विचारलं.

"हो."

"अस्सं," ते म्हणाले. चहा संपवला, टोपी घातली. कपाकडे हात गेला, मी पाहिलं. तो तिथेच थोडा थांबला. मग बाबांनी कप टेबलावर तसाच ठेवला, पैसे दिले आणि बाहेर पडले. मी दारातून मागे वळून पाहिलं. हॉटेलवाल्यानं टेबल पुसलं, बाबांचा कप उचलला आणि बाकीच्या कपांत टाकला.